बाहेरचा माणूस

परमिटवर माझं नाव सर्वांत खाली येतं,
पडवेकर साहेबांच्या सहीच्या शेपटीखाली:
'बाहेर उभा राहणारा: महादेव धाकू जुवळे.'
काम एवढंच. उभं राहायचं.
सहा नंबरच्या रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलपाशी,
गळ्यात शिट्टी, हातात दोरी,
दोरीच्या दुसऱ्या टोकाला इस्माईल चौगुले.
तो आत भिंतीवरची खपली खरवडतो
आणि मधूनमधून ओरडतो, "मामू, वारा आहे का बाहेर?"
आहे, म्हणतो मी. लोट्याच्या पठारावर वारा असतोच,
कधी आंबट, कधी काजूच्या बोंडांचा.

फलकावर एक बिल्ला टांगलेला. म्हणजे आत एक.
नवीन पोरं हसतात,
म्हातारा उभं राहण्याचा पगार घेतो.
हसू देत.

हे काम मी दहाव्या वर्षी शिकलो,
खाडीत, होडीच्या काठावर बसून.
बाप हातपाटीच्या वाळूसाठी बुडी मारायचा,
रोवलेला बांबू धरून, बादली घेऊन खाली,
आणि मी मोजायचो.
साठाच्या पुढे गेलं तर बांबू हलवायचा,
ऐंशीला काकाने उडी टाकायची.
कुठे लिहिलेलं नव्हतं हे.

एकदा समोरच्या पाण्यातून घारीने मासा उचलला
आणि मी तिच्यामागे गेलो, डोळ्यांनी,
पार पलीकडच्या खाजणापर्यंत.
परत आलो तेव्हा आकडा हरवला होता.
मी गुपचूप पुन्हा एकपासून सुरू केलं.
बाप आपला आपणच वर आला,
नाकातून पाणी, डोळे लालभडक,
बादली रिकामी.
काही बोलला नाही.
विडी पेटवायला त्याला सहा काड्या लागल्या,
त्या मात्र मी मोजल्या.

आज दहा-चाळीसला मीटर वीस पूर्णांक नऊ दाखवत होता.
अकराला वीस पाच.
अकरा-सहाला एकोणीस आठ.
साडेएकोणीसपर्यंत चालतं, परमिटवर तसं छापलंय.
पण इस्माईलने बराच वेळ वारा विचारला नव्हता.
मी शिट्टी मारली.

तो शिव्या देतच वर आला,
आत्ता कुठे हात बसला होता, मामू!
पडवेकर साहेब आले, घड्याळ बघत.
"आकडा हद्दीत आहे ना?"
"हद्दीत आहे साहेब. पण चालत निघालाय."

मग पाइपाचा माग काढत सगळे मागे मागे गेलो
आणि तिसऱ्या मजल्यावर सापडला
नायट्रोजनचा वाल्व. बंद होता, वर कुलूपही होतं,
फक्त पुढे पत्रा घातलेला नव्हता.
रात्रपाळीला वाटलं दिवसपाळी घालेल,
दिवसपाळीला वाटलं घातला असेल.
बंद वाल्व पाझरतो,
आमच्या वाडीतली कुलूप लावलेली घरं पाझरतात तसाच,
कुणाच्या लक्षात न येता.
त्या वायूला वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत.
माणूस बसल्या जागी विसरून जातो
की आपण बसलोय.

साहेबांनी रजिस्टर मागवलं.
'काय घडले' या रकान्यावर पेन थांबलं.
"काय लिहू, जुवळे? घडलं तर काहीच नाही."
लिहा, पत्रा नव्हता.
लिहा, रात्रीचा माणूस सकाळच्या माणसाशी बोलला नाही.
इस्माईल म्हणाला, माझं नाव घाला साहेब,
पहिल्यांदाच कुठेतरी छापून येतंय.
छापून नाही रे, हाताने, म्हणाले साहेब,
आणि त्यांचं अक्षर जरा वाकडं आलं.

दोनला पत्रा बसला. चार बोल्ट.
चारही मी हाताने हलवून पाहिले.
ब्लोअर लावला, मीटर पुन्हा वीस नऊ.
इस्माईल उतरला, मी बिल्ला टांगला.
चिमणीभोवती काहीतरी फिरत होतं,
घार असेल.
मी वर पाहिलं नाही.

"मामू, वारा आहे का?"
आहे.
तू विचारत राहा.